सोवेटो दाखवायचं तर जोहान्सबर्गसकट दाखवा

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गलगतच्या सोवेटोत, ऑर्लँडो भागातले दोन मनोरे लांबूनच दिसतात. जुन्या वीजकेंद्राचे हे शीतकरण मनोरे सुमारे 100 मीटर उंच आहेत, अंगभर रंगीत चित्रं आहेत, आणि दोघांच्या मधल्या पुलावरून माणसं पायाला दोरी बांधून उड्या मारतात. एका दिवसात जोहान्सबर्ग आणि सोवेटो दाखवणारी बस इथे हमखास थांबते. पण 1940 च्या दशकात सुरू झालेल्या आणि 1998 साली बंद पडलेल्या या केंद्राची वीज जायची जोहान्सबर्गला. त्याच्या पायथ्याशी असलेल्या सोवेटोतल्या बहुतेक घरांत 1980 च्या दशकापर्यंत मेणबत्त्या, रॉकेल आणि कोळशाच्या शेगड्या होत्या. हिवाळ्यात त्या शेगड्यांचा धूर सगळ्या वस्तीवर बसून राही. घाईच्या सहलीत नेमकी ही गोष्ट राहून जाते आणि उडी तेवढी लक्षात राहते.

या एकदिवसीय सहलींची जाहिरात साधारण सारखीच असते. सकाळी शहराचा इतिहास, दुपारी टाउनशिपची संस्कृती. (टाउनशिप म्हणजे पुण्या-ठाण्याजवळची निवासी संकुलं नव्हेत, वर्णभेदाच्या कायद्यांनी कृष्णवर्णीयांना ठेवण्यासाठी शहराबाहेर वसवलेल्या या वस्त्या.) सकाळी कॉन्स्टिट्यूशन हिलवरचा जुना तुरुंग किंवा वर्णभेदाचं संग्रहालय, मग सोवेटोत जेवण, थोडं संगीत, मंडेलांचं घर असलेल्या विलाकाझी रस्त्यावर फेरफटका, आणि संध्याकाळी सँडटन या श्रीमंत उपनगरातल्या हॉटेलात परत. माझा आक्षेप सहलीला नाही, दिवसाचे असे दोन तुकडे करण्याला आहे. सोवेटोत संस्कृती म्हणून जे जे दाखवलं जातं, त्यातलं जवळजवळ सगळं कुठल्या ना कुठल्या कायद्याला माणसांनी दिलेलं उत्तर आहे. कायदा संग्रहालयात ठेवला आणि उत्तर जेवणाच्या टेबलावर, तर दोन्हींचा अर्थ जातो.

अशा सहली असूच नयेत असं मानणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं हलक्यानं घेण्यासारखं नाही. गरिबी हा पाहण्याचा विषय नाही, वातानुकूलित बसमधून दुसऱ्याच्या अंगणाचे फोटो काढणं हा त्या घराचा अपमान आहे, असं ते म्हणतात. ते खरंही आहे. शिवाय दाखवण्याचा इतिहासही स्वच्छ नाही. वर्णभेदी राजवटीत सरकारी बसमधून परदेशी पाहुण्यांना सोवेटो दाखवलं जाई. नवी घरं, शाळा, पाळणाघरं दाखवून सरकार कृष्णवर्णीयांसाठी किती करतं हे पटवण्यासाठी ती फेरी असे. 1980 च्या दशकात सोवेटोतल्याच काही माणसांनी स्वतःच्या गाड्या काढल्या आणि पाहुण्यांना दुसरं सोवेटो दाखवायला सुरुवात केली. आजच्या सहलींना त्यांचा वारसा आहे, हे विसरायला नको.

पण न पाहणं हा त्यावरचा उपाय मला पटत नाही, आणि याचं कारण जोहान्सबर्गच्या रचनेतच आहे. हे शहर न पाहण्यासाठीच आखलं गेलं. शहर आणि सोवेटो यांच्यामध्ये खाणींचा पट्टा आहे, सोन्याच्या खाणीतून उपसलेल्या मातीचे पिवळट डोंगर आहेत. सकाळी आगगाडीनं माणसं शहरात यायची, घरं झाडायची, मुलं सांभाळायची, खाणीत उतरायची आणि रात्री त्या डोंगरांपलीकडे जायची. गोऱ्या माणसाला टाउनशिपमध्ये जायचं तर परवाना लागे, त्यामुळे लाखो लोकांनी आपल्याच शहराची दुसरी बाजू आयुष्यात पाहिली नाही. 2011 च्या जनगणनेत सोवेटोची लोकसंख्या बारा लाखांवर होती. एवढ्या मोठ्या वस्तीकडे पाहुण्यानं सभ्यतेपोटी पाठ फिरवली, तर त्या आखणाऱ्यांचंच काम पुढे चालू राहतं. गावकुसाबाहेरची वस्ती कशी टिकते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग सुरुवात कुठून करावी? माझ्या मते 1904 च्या प्लेगपासून, आणि ती जोहान्सबर्ग शहरातल्या न्यूटाउनमध्ये उभं राहून. 1886 मध्ये विटवॉटर्सरँडच्या कड्यावर सोनं सापडलं आणि माळरानावर शहर उभं राहिलं, हे प्रत्येक गाइड सांगतो. त्यानंतर अठरा वर्षांनी काय झालं, ते सांगायला हवं. आज जिथे न्यूटाउन आहे, त्या भागात तेव्हा ‘कुली लोकेशन’ होतं. भारतीय आणि आफ्रिकी मजूर, धोबी, फेरीवाले तिथे दाटीवाटीनं राहत. 1903 मध्ये नगरपालिकेनं ही जागा अस्वच्छ ठरवून ताब्यात घेतली आणि मग तिच्या साफसफाईकडे पूर्ण दुर्लक्ष केलं. मार्च 1904 मध्ये तिथे प्लेग फुटला. जोहान्सबर्गमध्ये वकिली करणारे गांधी रुग्णांच्या शुश्रूषेला धावले. नगरपालिकेनं वस्ती रिकामी केली आणि जाळून टाकली. माणसांना नेलं शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, क्लिपस्प्रूटला. शेजारी शहराच्या मैल्याची शेती होती. भारतीय हळूहळू शहराकडे परतले. आफ्रिकी लोकांना तिथेच ठेवलं गेलं, आणि त्या तंबू-पत्र्यांतून पुढे जे वाढलं तेच सोवेटो. क्लिपस्प्रूटचं नाव पुढे पिमव्हिल झालं.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. 1896 मध्ये मुंबईत आणि 1897 मध्ये पुण्यात आलेला प्लेग आणि हा प्लेग एकाच जागतिक साथीचे. पुण्यात रँडच्या हुकमानं सोजीर घरात घुसले, देवघरं तुडवली, आणि 22 जून 1897 रोजी चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. तीच साथ, तेच साम्राज्य, आणि आरोग्याच्या नावाखाली माणसं हलवण्याची तीच रीत जोहान्सबर्गला पोचली. तिथे साथ ओसरली पण वेगळं ठेवणं ओसरलं नाही, नव्वद वर्षं ते कायदा होऊन राहिलं. पुण्या-मुंबईहून गेलेल्या माणसाला सोवेटोचा जन्म समजायला दुसरी कुठली वाट इतकी सरळ नाही.

याच ठिकाणी भारतीय प्रवाशाला एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. प्लेगच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी 1904 मध्ये, गांधींनी शहराच्या आरोग्याधिकाऱ्याला पत्रं लिहून साथीच्या धोक्याचा इशारा दिला होता. त्या पत्रव्यवहारातच त्यांनी भारतीयांच्या वस्तीत आफ्रिकी लोकांना आणून ठेवण्याला तक्रारीच्या, तुच्छतेच्या सुरात विरोध केला. कॉन्स्टिट्यूशन हिलवरच्या जुन्या तुरुंगात 1908 साली गांधींना ठेवलं होतं हे ऐकून आपली मान ताठ होते, आणि ती व्हावीही. त्याच वर्षी 16 ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात भारतीयांनी आपली नोंदणीपत्रं कढईत जाळली, आणि अर्ध्या शतकानं आफ्रिकी लोकांनी सक्तीनं जवळ बाळगावे लागणारे आपले पास जाळले. या दोन आगींमध्ये नातं आहे. पण 1904 ची पत्रं लपवून ते नातं सांगणं म्हणजे यजमानांच्या घरी बसून अर्धीच हकीकत सांगणं. गांधी बदलत गेले, हे त्यांच्या आयुष्यातलं मोठेपण त्या पत्रांशिवाय कळणारही नाही.

क्लिपस्प्रूटनंतर वस्ती वाढत गेली ती केवळ सरकारी मेहेरबानीनं नाही. 1930 च्या दशकात ऑर्लँडो वसलं, दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना माणसं हवी होती आणि घरं कोणी बांधत नव्हतं. 1944 मध्ये जेम्स मपांझा नावाच्या माणसानं ऑर्लँडोतल्या बेघर कुटुंबांना घेऊन मोकळ्या जागेवर गोणपाट आणि पत्र्याच्या झोपड्या उभ्या केल्या. मरायचं तर सगळे मिळून मरू, ही त्यांची घोषणा होती. नगरपालिकेला हलावं लागलं. मपांझाची कहाणी मंडेलांच्या घरापेक्षा कमी महत्त्वाची नाही, कारण तिथे घर म्हणजे काय हे ती सांगते.

1950 च्या दशकात मात्र सरकारनं सूत्रं घट्ट धरली. फेब्रुवारी 1955 मध्ये शहरातली मिश्र वस्ती सोफियाटाउन रिकामी करायला सुरुवात झाली, माणसं ट्रकमध्ये घालून सोवेटोतल्या मेडोलँड्समध्ये सोडली गेली. खाणमालक ओपनहायमर यांच्या पुढाकारानं मिळालेल्या 30 लाख पौंडांच्या कर्जातून चार खोल्यांची, काड्यापेटीसारखी हजारो घरं बांधली गेली. संडास बाहेर. जमीन नगरपालिकेची. आणि या घरांचं वाटप भाषेप्रमाणे, जमातीप्रमाणे केलं गेलं. नालेदी, त्लादी, मोलेत्साने सोथो-त्स्वाना बोलणाऱ्यांना. झोला, द्लामिनी झुलू-खोसांना. चियावेलो त्सोंगा आणि वेंडांना. शहरात आलेल्या माणसानं शहरी होऊ नये, आपली जमात धरून राहावं, म्हणजे एकत्र येणार नाही, हा हिशेब उघड होता.

लोकांनी तो चालू दिला नाही. मुलं एका गल्लीत चार भाषा शिकली, एका वाक्यात तीन भाषा वापरू लागली. लग्नं झाली, फुटबॉलचे संघ झाले, 1937 चा ऑर्लँडो पायरेट्स आणि 1970 चा कैझर चीफ्स यांच्या सामन्याला आजही अख्खं सोवेटो दोन रंगांत वाटलं जातं, जमातींत नाही. क्वायतो हे 1990 च्या दशकातलं संगीत असो की अलीकडचं आमापियानो, ते या मिसळीतूनच आलं. म्हणून पर्यटकांसमोर कातडी नेसून झुलू नाच करणारी मंडळी पाहिली की मला वाईट वाटतं. नाचणाऱ्यांचा दोष नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण पाहुणा घरी जाताना सोवेटो म्हणजे जमातींचं नृत्य एवढंच घेऊन जातो. सरकारनं चाळीस वर्षं जे चित्र लोकांच्या माथी मारायचा प्रयत्न केला आणि लोकांनी नाकारलं, तेच चित्र आता तिकीट लावून विकलं जातं.

शेबीनचंही, म्हणजे घरगुती दारूच्या अड्ड्याचंही, तसंच. दुपारच्या जेवणाला शेबीनमध्ये नेतात, मडक्यातली उम्कोम्बोथी, म्हणजे घरी गाळलेली ज्वारी-मक्याची बिअर, फिरते, हसत-खेळत एक घोट घेतला जातो. बाटलीबंद दारू विकत घ्यायला कृष्णवर्णीयांना 1962 पर्यंत बंदी होती. ज्वारी-मक्याची बिअर विकण्याचा हक्क नगरपालिकेच्या बिअर हॉलांना होता आणि त्या नफ्यातून टाउनशिपचा कारभार चाले, म्हणजे लोकांच्या पिण्यावर लोकांना ताब्यात ठेवणारी यंत्रणा पोसली जात होती. घरी बिअर गाळून विकणाऱ्या बायका या मक्तेदारीच्या आड येत. म्हणून पोलिसांचे छापे पडत, जमिनीत पुरलेले डबे काठीनं शोधून ओतून टाकले जात. त्या बायकांनी त्या पैशावर मुलं शिकवली. आणि 1976 मध्ये त्याच मुलांच्या पिढीनं बिअर हॉल जाळले. हे सांगितलं तर तो घोट वेगळा लागेल.

कोटा नावाचा पदार्थ आहे. पावाचा चौथा भाग पोखरून त्यात बटाट्याचे चिप्स, पोलोनी नावाचं सॉसेज आणि आंब्याचं लोणचं भरतात, लोणच्याला तिथेही आचारच म्हणतात. ते भारतीय मजुरांबरोबर पोचलं. स्टॉकव्हेल म्हणजे आपली भिशीच. बँकांची दारं बंद होती तेव्हा बायकांनी ती चालवली, आणि मयतीच्या खर्चासाठीही अशीच मंडळं काढली, कारण आपलं माणूस परक्या शहरात बेवारस पुरलं जाऊ नये ही धास्ती प्रत्येक घरात होती. रस्त्यावर उभं राहून तर्जनी वर केली की मिनीबस टॅक्सीवाला समजतो, याला शहरात जायचंय. इतर मार्गांना इतर खुणा. ही खुणांची भाषा पर्यटकांना गंमतशीर वाटते. पण तिचा जन्म ज्या अंतरातून झाला ते अंतर, घर आणि नोकरी यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेले पंधरा-वीस किलोमीटर, अजून तसंच आहे, आणि माणसं पगाराचा मोठा हिस्सा प्रवासावर घालवतात.

मग येतो विलाकाझी रस्ता. 1984 चे नोबेल मानकरी डेस्मंड टुटू आणि 1993 चे नेल्सन मंडेला, दोघांची घरं या एका रस्त्यावर, हे प्रत्येकाच्या तोंडी असतं. ज्यांच्या नावाचा तो रस्ता आहे, ते बेनेडिक्ट विलाकाझी झुलूतले कवी आणि भाषाभ्यासक. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ते मानले जातात, आणि विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिकवत असतानाही त्यांचा हुद्दा भाषा-साहाय्यकाचाच होता. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हेक्टर पीटरसन संग्रहालय आहे. निम्मे विषय आफ्रिकान्समधून, म्हणजे गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून, शिकवण्याच्या सक्तीविरुद्ध 16 जून 1976 रोजी शाळेतली मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सॅम न्झिमा यांनी टिपलेल्या छायाचित्रात गोळी लागलेल्या, मरणासन्न हेक्टर या शाळकरी मुलाला उचलून धावणारा मुलगा म्बुयिसा मखुबो. त्याला देश सोडावा लागला आणि तो परत आलाच नाही. या संग्रहालयाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तिथे माणसानं दोन तास घालवावेत.

तक्रार आहे ती सगळा पैसा आणि सगळी गर्दी या एकाच रस्त्यावर साचण्याची. काही किलोमीटरवर क्लिपटाऊन आहे. 26 जून 1955 रोजी तिथल्या मोकळ्या मैदानात वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांच्या जवळजवळ तीन हजार प्रतिनिधींनी स्वातंत्र्याची सनद मंजूर केली, पोलिसांचा वेढा पडलेला असताना. देश तिथे राहणाऱ्या सगळ्यांचा आहे, काळ्यांचा आणि गोऱ्यांचा, हे त्या सनदेत आहे आणि सर्वांना घरं मिळतील हेही आहे. मैदानावर भव्य चौक बांधला गेला. रूळ ओलांडून पलीकडे गेलं की पत्र्याची घरं, सामायिक नळ, धड संडास नाहीत. तिथे नेणं म्हणजे गरिबी दाखवणं, असं काही सहलवाले म्हणतात आणि टाळतात. मला वाटतं, चौक दाखवून वस्ती टाळणं हाच खरा लबाडपणा. सनदेतलं वचन कुठवर आलं, हे सोवेटोची माणसं रोज विचारतात. पाहुण्यानंही तो प्रश्न ऐकून जावं. हॉस्टेलांचंही तेच. गावाकडून आलेल्या मजुरांना बायका-मुलांशिवाय, एका पलंगाएवढ्या जागेत ठेवणाऱ्या त्या इमारती कुठल्याच जाहिरातीत नसतात.

वस्ती दाखवायची ती कशी, याला उत्तरं आहेत. गाइड तिथलाच हवा, उत्तरेकडच्या उच्चभ्रू उपनगरातून येऊन पाठ केलेलं बोलणारा नको. बसमधून नव्हे, पायी फिरावं; पायी चालणाऱ्याला नमस्कार करावा लागतो, थांबावं लागतं, समोरच्याला आपल्याकडे पाहता येतं. कुणाच्या घराचा, मुलांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. धारावीत 2000 च्या दशकाच्या मध्यापासून ज्या फेऱ्या चालतात, त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्या फेरीत कॅमेऱ्याला बंदी आहे आणि नफ्याचा मोठा हिस्सा वस्तीतल्या कामाला जातो. त्यामुळे फेरीची मजा कमी झाली असं कुणी म्हणत नाही. आणि जेवण, चहा, मुक्काम वस्तीतच व्हावा. सोवेटोत राहण्याची घरगुती सोय आहे. रात्र तिथे काढली तर दिवसाचे पैसे तिथे राहतात.

आता प्रश्न आपल्या सहलींचा. महाराष्ट्रातून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या बहुतेक सहलींत जोहान्सबर्ग म्हणजे विमानतळ आणि एक रात्र. सोवेटो असलंच तर काचेआडून. लेनेशिया तर कुणाच्या कार्यक्रमात नसतंच. शहरातल्या पेजव्ह्यू, म्हणजे फिटास भागातून भारतीयांना 1970 च्या दशकात उठवून सोवेटोच्याही दक्षिणेला नेऊन टाकलं, ते लेनेशिया. अहमद कथराडांसारखे मंडेलांसोबत जन्मठेप भोगलेले लोक या समाजातले. भारतीय प्रवाशाला सोवेटो आणि लेनेशिया एका दिवसात दाखवता येतात, आणि वेगळं ठेवण्याच्या एकाच धोरणानं दोन्ही वस्त्या कशा घडवल्या हे एका दमात सांगता येतं.

वेळ नाही, हे उत्तर मला मान्य नाही, कारण सन सिटी या जुगार-करमणुकीच्या नगरीला वेळ असतो. सन सिटीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण सन सिटी 1979 मध्ये तिथेच का उभी राहिली? दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती. ती जागा बोफुथात्स्वानामध्ये होती, म्हणजे 1977 मध्ये ‘स्वतंत्र’ जाहीर केलेल्या, दक्षिण आफ्रिका सोडून जगातल्या कुठल्याही मान्यताप्राप्त राष्ट्रानं मान्य न केलेल्या, तुकड्या-तुकड्यांच्या त्स्वाना राज्यात. तिथे जुगार चालत होता. म्हणून तर 1980 च्या दशकात जगभरच्या अनेक कलावंतांनी तिथे कार्यक्रम करायला नकार दिला. आणि सोवेटोत जन्मलेल्या, नालेदीत राहणाऱ्या, आयुष्यात त्या राज्यात पाऊल न टाकलेल्या त्स्वाना माणसाचं नागरिकत्व कागदावर त्याच राज्याचं झालं. आपल्याच शहरात तो परदेशी ठरला. 1994 मध्ये ते राज्य दक्षिण आफ्रिकेत विलीन झालं. सन सिटीच्या रस्त्यावर दोन-अडीच तास बसमध्ये काढावे लागतात. एवढ्या वेळात गाइडला हे सगळं सांगता येईल, फक्त त्याआधी एक दिवस त्या माणसाच्या नालेदीत घालवलेला असला पाहिजे.